काड्यापेट्यांतली पिसं

आभाळातली कबुतरं खाली बोलवायला कुणी शीळ घालतं, कुणी ताटलीत दाणे खुळखुळवतं. आमचे मामू तिकिटाचा पंच वाजवायचे. एस.टी.च्या कंडक्टरकडे पूर्वी तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा असायचा, तोच. संध्याकाळी थवा रोशनगेटच्या वर नुसत्या ठिपक्यांचा झाला की मामू गच्चीच्या कठड्याशी उभे राहून टकटक, टकटक करायचे, आणि अख्खा थवा एक गिरकी घेऊन त्यांच्या छत्रीवर उतरायचा. छत्री म्हणजे उंच बांबूवर आडवी बांधलेली कामट्यांची जाळी. तिथून ढाबळीत शिरताना कबुतरांची रेटारेटी सुरू झाली की मामू ओरडायचे, "आत सरका, आत सरका! मागं लई जागा हाय!" आणि कबुतरं खरंच आत सरकायची. माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्या गल्लीत कुणालाही विचारा.

मामू नात्यानं माझे कुणीच नव्हते. ते माझे घरमालक. पॅथॉलॉजीचं शिक्षण संपवून मी करमाडहून शहरात आलो होतो आणि रक्त तपासायची स्वतःची लॅब टाकायला जागा शोधत होतो. मामूंच्या घराची रस्त्याकडची खोली मिळाली. तिच्या मागं अंगण, अंगणापलीकडे त्यांच्या दोन खोल्या आणि वर गच्चीवर कबुतरांची ढाबळ. जागा दाखवताना मामूंनी एकच अट घातली. "डाक्टर, वरून काही पडलं तर वर बघायचं नाय." अट मला मोठी तत्त्वज्ञानाची वाटली. बोर्ड लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा अर्थ कळला. माझ्या डिग्रीवर रोज एक पांढरा शिक्का पडू लागला.

अख्खी गल्ली त्यांना मामूच म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. वय विचारलं तर सांगायचे, "पोलीस ॲक्शन झालं तवा मी पाळण्यात होतो. माझा कशातच हात नव्हता." माझ्याशी ते मराठी बोलायचे, कबुतरांशी दखनी, आणि बायकोशी बहुतेक वेळा गप्प बसायचे. "जन्मभर गाडीत ओरडलो," म्हणायचे, "घरी आणायला आवाजच शिल्लक राहत नव्हता." आता कंडक्टरकीतून निवृत्त झाले होते तरी तो आवाज घरी यायच्या ऐवजी गच्चीवर जायचा, ही त्यांच्या बायकोची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती.

त्यांच्या कबुतरांची नावं गाड्यांवरून ठेवलेली. सगळ्यात उंच जाऊन तासन्‌तास खाली न येणारं ते 'कन्नड विनाथांबा'. रात्री परक्याच्या गच्चीवर राहून सकाळी घरी येणारं 'वैजापूर मुक्काम'. 'जालना जलद' आणि 'पैठण' ही जोडी. आणि एक करडं, पोट सुटलेलं, दिसेल त्या भिंतीवर टेकणारं कबूतर होतं, त्याचं नाव 'करमाड'. मी करमाडचा, त्यामुळं मी रीतसर हरकत घेतली. मामूंनी ती फेटाळली. "डाक्टर, तुमच्या गावाला गाडी कुणीबी हात केला की थांबते. हे बी तसंच. बोलवलं की उतरतं. दिल चांगलं हाय त्याचं."

मी एकदा विचारलं, "इतक्या गावांची नावं ठेवलीत, सासरचं कसं सोडलंत? पिशोर नावाचं एकही कबूतर नाही?"

मामूंनी अंगणाकडे एक नजर टाकली. "पिशोर गाडीवर एकदा ड्यूटी लागली होती," ते म्हणाले. "अजून उतरलो नाय."

ती गोष्ट मला मग मुमानींनीच सांगितली. मामूंची बायको ती गल्लीची मुमानी. बाई पिशोरच्या, मराठी माझ्याहून अस्सल. तरुणपणी त्या वडिलांबरोबर शहरात यायला निघाल्या, मांडीवर डालगं, डालग्यात कोंबडी. गाडीत नवा कंडक्टर. तो म्हणाला, कोंबडीचं तिकीट काढा. मुमानी म्हणाल्या, "कोंबडी मपल्या मांडीवर हाय. शीट अडवलं का तिनं तुमचं?" कंडक्टरनं तिकीट फाडलं नाही आणि पुढच्या हंगामात मागणी घेऊन आला. सासरी येताना मुमानींनी तीच कोंबडी बरोबर आणली. अंगणात फिरणाऱ्या पाच-सहा कोंबड्या तिच्याच खापरपणत्या. मुमानींनी त्यांना नावं कधी ठेवली नाहीत. सगळ्यांना मिळून त्या 'मपल्या कोंबड्या' म्हणायच्या. "ती ती ती" अशी हाक मारली की त्या असतील तिथून पंख पसरून धावत यायच्या, आणि घासातला घास काढून मुमानी त्यांच्यापुढं टाकायच्या.

तर अशी या घराची वाटणी होती. वर नवऱ्याची कबुतरं, खाली बायकोच्या कोंबड्या. मुमानी गच्चीची पायरी चढत नसत. कबुतरांची घाण, कबुतरांची घूंघूं, उन्हात वाळत घातलेल्या ओढण्यांवर कबुतरांची नक्षी, हे त्यांनी सगळा संसारभर सोसलं होतं आणि ते सोसतोय हे रोज बोलूनही दाखवलं होतं. मामू ऐकून घ्यायचे. एक कान जिन्याकडे ठेवून.

निवृत्तीनंतर वर्षभरात मामूंना खोकला लागला. आधी सकाळच्या शिंका, एकामागून एक, गल्लीतली माणसं मोजत बसतील इतक्या. मग डोळ्यांतून पाणी. मग छातीतून शिट्टी. मुमानी माझ्या लॅबच्या मागच्या दारात येऊन म्हणाल्या, "डाक्टर, ह्यांच्या छातीत कबुतरांनी घरटं केलंय. काढा तेवढं." बजाजनगरला दिलेली त्यांची एकुलती मुलगी शबाना आली, बापाला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते डॉक्टर म्हणाले, पिसांची ॲलर्जी दिसते, रक्त तपासून घ्या. आणि चिठ्ठी आली माझ्याकडे.

चिठ्ठी आली, मामू येईनात. लॅब त्यांच्याच घरात, मधे फक्त अंगण, तरी मामू पुढच्या दारानं बाहेर पडायचे ते माझ्या काचेकडे न बघता. मी गाठलंच तेव्हा म्हणाले, "डाक्टर, जे कळल्यावर सोसणार नाय ते कळून घ्यायचं कामून?" मी म्हटलं, मामू, रात्रभर बसून काढता, झोप नाही, अशी छाती किती दिवस टिकेल? त्यांना खोकल्याची भीती नव्हती. निकालाची होती. चाचणीत कबूतर निघालं तर ढाबळ जाणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

मुमानींनी ते बोलून पक्कं केलं. एका दुपारी अंगणात शबाना, शेजारपाजारच्या चार बायका आणि मी असताना त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अवो, नीट ऐका. त्या चाचणीत ज्या पाखराचं नाव निघंल, ते पाखरू ह्या घरातून जाईल. कबूल?"

मामू खाटेवर बसून खोकत होते. खोकला आवरून म्हणाले, "ह्या शब्दाची मला लई धास्ती हाय. मागच्या बारीला कबूल म्हणलो तर तुम्ही आलात."

बायका हसल्या. मुमानी हसल्या नाहीत. "कबूल का नाय?"

"कबूल," मामू म्हणाले. आवाज गाडीतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॅबमध्ये हजर. काही न खाता या असं मी सांगितलं नव्हतं, तरी उपाशी आलेले. नमाजाला जाताना घालायचा स्वच्छ कुडता आणि खांद्यावर कंडक्टरची जुनी चामडी पिशवी. पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर उपडी केली. काड्यापेट्या. माझं टेबल भरलं. प्रत्येक पेटीवर बारीक अक्षरात नाव: जालना जलद, पैठण, वैजापूर मुक्काम. उघडून बघतो तर प्रत्येकीत एकेक पीस.

"हे काय मामू?"

"नमुने," मामू म्हणाले. "माझं रक्त घ्या, आणि एकेकाशी लावून बघा. सगळेच काय कसूरवार नसणार. एखादाच कुणी असंल. त्याला काढू, बाकीच्यांना कामून शिक्षा?" मग पुढं वाकून, हळूच, "मला वैजापूरवर शक हाय. रात्री कुठं कुठं राहतो, कुणाची संगत धरतो, काय सांगावं."

मी त्यांना समजावलं. म्हटलं, मामू, इथून फक्त रक्त जातं. मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये निरनिराळ्या पाखरांच्या पिसांचा अर्क तयार असतो. त्यातल्या कशावर तुमचं रक्त चवताळतं ते तिथं बघतात. कबूतर म्हणजे सगळी कबुतरं, त्यात पैठण-वैजापूर असा भेद नसतो.

मामू इतके दुखावले की मराठी सोडून दखनीवर आले. "मेरे खून कू बंबई का कबूतर क्या पैचानता, डाक्टर? कभी मिले नईं, देखे नईं!"

याला माझ्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. मी म्हणालो, नमुने माझ्याजवळ राहू देत, गरज पडली तर पाठवू. टेबलाचा खालचा खण रिकामा करून मी पेट्या त्यात लावल्या तेव्हा कुठं त्यांनी हात पुढं केला. सुई गेली तरी बघत होते खणाकडेच. 'करमाड'ची पेटी आडवी पडली होती, ती त्यांनी मला सरळ ठेवायला लावली.

मग वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी काचेवर टकटक आणि प्रश्न, "आली का गाडी?" नाही म्हटलं की चेहरा खुलायचा. त्या दिवसांत मामू गच्चीवरून उतरायचेच नाहीत. उन्हं चढली तरी वर, दिवेलागण झाली तरी वर. एकेका कबुतराला हातात घेऊन त्याच्या मानेवरून बोट फिरवत बसायचे. नवीन आणलेल्या एका पांढऱ्या पिल्लाचे पर त्यांनी दोऱ्यानं बांधले होते. ही कबुतरवाल्यांची रीत. पर बांधून पाखराला काही दिवस आपल्या गच्चीवर नुसतं बसवायचं, आजूबाजूचं बघू द्यायचं. "छत डोळ्यांत बसलं की दोरा सोडायचा," मामू सांगायचे, "मग कुठंबी नेऊन सोडा, माघारी येणार." त्या पांढऱ्याचा दोरा त्यांनी त्या आठवड्यात सोडला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "घर राहतं का नाय तेच ठाऊक नाय, वळख कशाची करून देऊ?"

मला त्या दिवशी माझ्या धंद्याचा राग आला, हे खरं सांगतो.

निकाल आला तो शुक्रवार होता. शबाना बजाजनगरहून आली, शेजारणी आल्या, समोरचा चहावाला कान देऊन दारात. मुमानींनी मला अंगणात खुर्ची दिली. मामू खाटेवर, पाठ भिंतीला, हातात पंच. मी वरून खाली वाचायला लागलो.

"कबूतर: नाही."

"नाय म्हंजी?" मुमानी.

"म्हणजे कबुतराच्या पिसांशी यांच्या रक्ताचं भांडण नाही. पोपट: नाही. बदक: नाही." मी पुढची ओळ वाचली, मग डोळे पुसून पुन्हा वाचली. "कोंबडी. कोंबडीची पिसं. आणि चांगलीच जोरात."

नेमकी तेव्हाच एक तांबडी कोंबडी मामूंच्या खाटेखालून बाहेर आली आणि मान वाकडी करून सगळ्यांकडे बघत उभी राहिली.

"मिशन बिघडलं असंल," मुमानी म्हणाल्या.

"मशीन मुंबईचं आहे, मुमानी. मोठं आहे."

"मंग मुंबईची कोंबडी असंल ती! मपल्या कोंबड्या तसल्या नायत."

या दोघांचा संसार इतकी वर्षं कसा टिकला, हे मला त्या क्षणी कळलं.

एकट्या रक्ताच्या निकालावर मी कधी भिस्त ठेवत नाही. माणूस राहतो कसा, झोपतो कुठं, तेही बघावं लागतं. बघितलं तर सगळं डोळ्यांसमोरच होतं. कोंबड्यांचं खुराडं मामूंच्या खाटेच्या उशाशी. पहाटे मुमानी ते उघडायच्या, कोंबड्या पंख झाडत मामूंच्या डोक्यावरून बाहेर पडायच्या. नोकरीत होते तोवर पहाटे ते डेपोत असायचे, आता ते पांघरुणात असायचे. मामू खोकत खोकत गच्चीवर जायचे आणि न खोकता खाली यायचे. जाताना सगळ्या गल्लीला ऐकू यायचं, येताना कुणाच्याच ध्यानात यायचं नाही, कारण न खोकण्याचा आवाज होत नाही.

सगळ्यांनी मामूंकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं या माणसानं कबुतरांपायी बोलणी खाल्ली होती, आणि आता मुंबईहून निर्दोष सुटका आली होती. पंच हातातच होता. तो वर जाईल, टकटक होईल आणि मामू अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवतील, अशी आमची खात्री होती. हात वर गेलाही. पण त्यांची नजर मुमानींकडे गेली आणि त्यांनी पंच खिशात ठेवून दिला.

मुमानी आत जाऊन डालगं घेऊन आल्या. "बोलले म्हंजी बोलले," त्या म्हणाल्या. "उद्याच्या पिशोर गाडीनं भावाकडं धाडते." आणि कोंबड्या धरायला लागल्या. पण त्या दिवशी कोंबड्या हाती येईनात. ही तिकडं, ती इकडं. शेवटी मुमानी अंगणाच्या मध्यावर उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात "ती ती ती" म्हणाल्या. सगळ्या धावत आल्या. पायांशी घोळका करून, माना वर करून बघत राहिल्या. मुमानी डालग्याशेजारी मटकन खाली बसल्या. "बोलवलं की येतात वो," त्या म्हणाल्या. "कशा धाडू?"

शबानानं तोंड ओढणीत घातलं.

मामू उठले. "ठेवा ते डालगं," ते म्हणाले, आणि हा आवाज मात्र गाडीतला होता. "मी कितीएक वर्षं गाडीवर काढली. दोन पाशिंजरांचं पटत नसंल तर कंडक्टर कुणाला मधीच उतरवत नाय. एकाला मागच्या शिटावर बसवतो. मी जातो मागच्या शिटावर." मुमानींनी काही म्हणायच्या आत त्यांनी खाट उचलली. म्हणजे एक बाजू उचलली. दुसरी मला उचलावी लागली.

तेव्हापासून मामू गच्चीवर राहायला गेले. ढाबळीशेजारी पत्र्याची एक खोली उभी राहिली. जेवण दोरीनं वर जायचं. पहिल्या दिवशी मुमानींनी ते घाईत कोंबड्यांच्याच डालग्यातून पाठवलं, आणि मामूंनी भाकरीच्या प्रत्येक घासाला एक शिंक दिली. मग दोरीला नवी टोपली आली. आणि एक गंमत झाली. ज्या नवराबायकोचं एका खोलीत राहून बोलणं होत नव्हतं, ती आता मजल्याच्या अंतरावरून दिवसभर बोलायला लागली. "मीठ बरं हाय का?" "हाय!" "खोकला?" "गेला गाडीखाली!" "मंग आंबट खाऊ नका!" गल्लीत कुणाला रेडिओ लावायची गरज राहिली नाही. माझ्या लॅबमध्ये रक्त द्यायला आलेली माणसं दंड पुढं करून या दोघांचं ऐकत बसायची, सुई कधी लागली ते कळायचंही नाही. माझा हात हलका, असा शहरात बोलबाला झाला तो या दोघांमुळं.

महिन्या-दीड महिन्यात मामूंची छाती मोकळी झाली. छातीचे डॉक्टर खूश, मी खूश. मामू म्हणाले, "तुमचं बंबईचं कबूतर इमानदार निघालं, डाक्टर." पांढऱ्या पिल्लाचा दोरा त्यांनी त्याच संध्याकाळी सोडला.

आणि मुमानी? ज्या बाईनं सगळ्या संसारात गच्चीची पायरी पाहिली नव्हती, ती संध्याकाळी वर जायला लागली. कोंबड्यांचं एक पीसही अंगावर जाऊ नये म्हणून आधी आंघोळ करायची, धुतलेला झंपर, धुतलेली ओढणी, केस ओले. शेजारणी दारात उभ्या राहून चिडवायच्या, "मुमानी, सासरी निघालात का?" मुमानी गुडघ्यावर हात देत जिना चढता चढता म्हणायच्या, "व्हय, दुसऱ्यांदा!" वर त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायच्या आणि आभाळाकडे बोट करून विचारायच्या, हा कोणता, तो कोणता. मामू सांगायचे. करमाडला पाहून त्या म्हणाल्या म्हणे, "ह्यो मपल्या कोंबडीवाणी चालतो." मामूंनी ते मला मुद्दाम खाली येऊन सांगितलं.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका थंडीत मुमानी गेल्या. दुपारी दोरीला टोपली बांधली, म्हणाल्या, ओढा वर, आणि तिथंच ओट्यावर बसल्या त्या उठल्या नाहीत. मी मागच्या दारानं धावत गेलो, माझ्या हातून काही होण्यासारखं उरलं नव्हतं. मी रोज माणसांचं रक्त बघणारा माणूस, पण त्या दिवशी अंगणात मला उभं राहवेना. वर मामू दोरी ओढत होते आणि खाली विचारत होते, "आज काय केलं?"

चाळिसावा दिवस झाल्यावर शबाना बापाला बजाजनगरला घेऊन गेली. तिचंही बरोबर होतं. म्हातारा माणूस एकटा गच्चीवर कसा ठेवायचा? कबुतरं मामूंच्या एका दोस्ताला द्यायची आणि कोंबड्या पिशोरला मामाकडं, असं ठरलं. मामू गाडीत बसून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅब उघडतो तर पायरीवर मामू. खांद्यावर चामडी पिशवी.

"मामू, तुम्ही? शबानाला सांगून आलात ना?"

"पोरीनं एक चूक केली," मामू म्हणाले. "नेलं, पण पर बांधायला विसरली."

त्यांनी खाट खाली आणली. गच्चीवर नाही, खाली, अंगणात, खुराड्याशेजारी, पूर्वी होती तिथं. मला वाटलं जिना चढवत नसेल. पण दोनच दिवसांत पहाटेच्या शिंका सुरू झाल्या, आणि मी मागचं दार उघडून पाहिलं. मामू नाकातोंडावर ओला रुमाल बांधून अंगणाच्या मध्यावर उभे होते, हातात भाकरीचा कुस्करा. पहिल्यांदा त्यांनी पंच वाजवला. कोंबड्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्यांनी रुमाल खाली ओढला, घसा साफ केला आणि मुमानींच्या चालीत, बारीक आवाजात म्हणाले, "ती ती ती." कोंबड्या धावत आल्या. मामूंना शिंकांची उबळ आली. शिंकत शिंकत ते त्यांना भाकरी घालत राहिले.

मी रागावलो. डॉक्टर म्हणून रागावणं माझं कामच होतं. "मामू, हे तुम्हाला चालत नाही. निकाल मी तुमच्यासमोर वाचला होता. विसरलात?"

"नाय विसरलो."

"मग पाठवून द्या पिशोरला. निदान वर जाऊन झोपा."

मामूंनी डोळे पुसले. ॲलर्जीनं की कशानं, ते तपासायची चाचणी माझ्याकडे नव्हती. "डाक्टर," ते म्हणाले, "ती माझ्या कबुतरांखाली जन्मभर राहिली. मी तिच्या कोंबड्यांसंगं थोडं खोकलो तर काय झालं?"

मी छातीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ओढायचा पंप दिला, गोळ्या दिल्या, आणि माझ्यासारखेच हात टेकले. खुराडं मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. मामूंनी तेवढं चालवून घेतलं. संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन कबुतरं उतरवायचे, पहाटे अंगणात कोंबड्यांना भाकरी घालायचे, आणि मधल्या वेळात माझ्या लॅबच्या बाकावर बसून रक्त द्यायला आलेल्यांना म्हणायचे, "आत सरका, आत सरका."

एक दिवस त्यांनी माझ्यापुढं आणखी एक काड्यापेटी ठेवली. "हीबी ठेवा त्याच खणात."

पेटीत तांबूस पीस होतं. कबुतराचं नव्हतं. पेटीवर नाव लिहिलं होतं: पिशोर.

मामू पुढं काही वर्षांनी झोपेत गेले, खोकल्यानं नव्हे. कबुतरं दोस्ताकडं दिली ती कितीतरी दिवस संध्याकाळी त्याच गच्चीवर येऊन बसत आणि पंच वाजायची वाट बघत. कोंबड्या शबानाचा मामा पिशोर गाडीनं घेऊन गेला, डालग्यात, मांडीवर. शहराचं नाव बदललं, माझी लॅब दुसरीकडं गेली, मात्र टेबल तेच आहे आणि खालचा खणही तसाच आहे. अजून लोक पिसांची, केसांची चाचणी करायला येतात आणि निकाल हातात पडला की विचारतात, मग आता हे जनावर घरातून काढायचं ना? मी आधी विचारतो, ते कुणाचं आहे.

माझं रक्त मी केव्हाच तपासून घेतलंय. मला पिसांची ॲलर्जी नाही, कोंबडीची तर मुळीच नाही. तरी ती शेवटची पेटी उघडली की डोळ्यांना पाणी येतं.